हवा तापवावी की अंग?

चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारा कोणी ना कोणी आज खेड, मावळ, शिरूर, जुन्नर या तालुक्यांतल्या बहुतेक गावांत सापडेल. त्याला एकदा विचारून पाहा. पौषातल्या पहाटे चारच्या सुमारास लोखंडाचा सुटा भाग हातात घेतला की कसे वाटते, ते तो सांगेल. मग त्यालाच वैशाखातल्या दुपारचे विचारा. तो म्हणेल, डोक्यावर तापलेला तवा धरल्यासारखे होते. शेड तीच, पत्रा तोच, माणूसही तोच. हिवाळ्यात तिथे ऊब टिकत नाही आणि उन्हाळ्यात ताप हटत नाही. असे का व्हावे? आणि एवढ्या मोठ्या इमारतीला ऊब द्यायचीच झाली, तर ती कशी द्यावी?

थंड देशांतल्या कारखान्यांत, गोदामांत आणि विमानांच्या शेडमध्ये यासाठी एक युक्ती सर्रास वापरतात. छताखाली लोखंडी नळ्या टांगतात, त्यांच्या आत गॅसची ज्योत सोडतात आणि त्या तापलेल्या नळ्यांच्या झळीने खालची माणसे शेकतात. कारखान्याच्या भाषेत तिला रेडियंट ट्यूब म्हणतात. आपण प्रारण नळी म्हणू. आपल्याकडे माणसांच्या उबेसाठी या नळीची गरज क्वचितच पडते. तरी तिची रचना समजून घेतली, तर कोंबड्यांच्या पिलांची शेड, शाळेचे पत्र्याचे छप्पर आणि बंद खोलीतली कोळशाची शेगडी या तिन्ही गोष्टींबद्दल आपले डोळे उघडतात. म्हणून आज हा विषय.

प्रथम शेकोटीपाशी बसू. उष्णता एका ठिकाणाहून दुसरीकडे तीन वाटांनी जाते, हे शाळेत शिकवतात. लोखंडी सळईचे एक टोक जाळात धरले की दुसरे टोक हाताला चटका देते, हे वहन. शेकोटीवरची तापलेली हवा धुरासकट वर जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते; हे अभिसरण. पण आपण शेकोटीच्या बाजूला बसलेलो असतो. वर जाणारी हवा आपल्याला लागत नाही. तरी तोंड भाजते आणि पाठ गारठते. मध्येच कोणी आडवा येऊन उभा राहिला तर ऊब त्याच क्षणी तुटते आणि तो बाजूला झाला की त्याच क्षणी परत येते. एवढ्यात मधली हवा काही गार होऊन पुन्हा तापली नाही. म्हणजे ही ऊब हवेतून वाहत आलेली नव्हे. ती प्रकाशासारखी सरळ रेषेत आलेली आहे. हेच प्रारण. सूर्याचे ऊन आपल्यापर्यंत याच वाटेने येते. वाटेत बहुतेक पोकळीच आहे, हवेचा पत्ता नाही.

विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने १८०० साली लोलकातून उन्हाचे सात रंग पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. न दिसणाऱ्या त्या किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतो. शेकोटीची झळ म्हणजे मुख्यतः हेच किरण.

आता मोठ्या शेडचा हिशेब मांडू. समजा ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ९ मीटर उंच अशी एक शेड आहे. चाकणला अशा शेड पावलोपावली दिसतात. बाहेर ८ अंश सेल्सिअस थंडी आहे आणि आत १८ अंश हवे आहेत. म्हणजे १० अंशांचा फरक राखायचा आहे. उष्णता निसटते कुठून? शेडमध्ये १६,२०० घनमीटर हवा मावते. माल आत-बाहेर करताना दारे उघडतात, फटी असतात. तासातून एकदा सारी हवा बदलते असे धरले तर तेवढ्यासाठीच सुमारे ५० किलोवॅट उष्णता सतत पुरवावी लागते. एक किलोवॅट म्हणजे हजार वॅटची एक विजेची शेगडी, असे समजून चालू. भिंतींचा पत्रा सुमारे १०० शेगड्या खातो. आणि छप्पर? उघड्या पत्र्याच्या दर चौरस मीटरमधून, दर अंश फरकामागे, सुमारे ७ वॅट निसटतात. छप्पर १,८०० चौरस मीटर आहे. म्हणजे सव्वाशे शेगड्या एकट्या छपराच्या. एकूण बेरीज पावणेतीनशेच्या घरात जाते.

एवढी उष्णता सिलिंडरच्या गॅसवर द्यायची म्हटली तर दर तासाला २४ किलोच्या आसपास गॅस लागेल. धंद्यासाठीचे सिलिंडर १९ किलोचे असते. ते तासभरही पुरणार नाही. नळाचा नैसर्गिक गॅस वापरला तर तासाला ३० घनमीटरच्या आसपास. ही आकडेमोड ढोबळ आहे, पण रचनाकार कामाला बसतो तो असाच हिशेब मांडून.

यात आणखी एक गोम आहे. पंख्याने गरम हवा सोडून शेड तापवू गेलो तर ती हवा हलकी असल्यामुळे वर चढते. ९ मीटर उंचीवर, जिथे चिटपाखरू नाही, तिथे उकडते आणि खाली माणसाचे पाय गारच. वरचा पत्रा जास्त तापला की तो बाहेर जास्त उष्णता टाकतो. म्हणजे आपण पैसा जाळून आभाळ तापवतो. दार उघडले की कमावलेली गरम हवा एका दमात जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

म्हणूनच प्रश्न असा उभा राहतो, की हवा तापवावी की अंग? प्रारण नळीचे उत्तर आहे, अंग तापवा. नळीची झळ हवेला फारशी न तापवता सरळ खाली येते आणि जमीन, यंत्रे, माणसांचे कपडे यांवर पडून त्यांना तापवते. तापलेली जमीन मग हवेला थोडी थोडी ऊब देते. दार उघडून हवा गेली, तरी जमिनीत मुरलेली उष्णता जागेवर राहते. चौदा-पंधरा अंशांच्या हवेतही कोवळ्या उन्हात बसलेल्या माणसाला बरे वाटते ना? तोच न्याय.

आता ही नळी कशी असते ते पाहू. साधारण १० सेंटिमीटर व्यासाची पोलादी नळी, लांबी ६ मीटरपासून २० मीटरपर्यंत किंवा अधिक. एका टोकाला गॅसचा बर्नर, दुसऱ्या टोकाला धूर बाहेर नेणारे धुराडे. पंखा ज्योतीला आतल्या आत लांबवर खेचतो. नळीच्या वर, उलट्या पन्हाळीसारखा, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा परावर्तक असतो. नळी सगळ्या बाजूंना झळ टाकते. वर जाणारी झळ हा परावर्तक खाली वळवतो. नळीचा पृष्ठभाग मात्र मुद्दाम काळा, खरबरीत ठेवतात. कारण काळा पृष्ठभाग झळ भरपूर टाकतो आणि चकचकीत पृष्ठभाग ती फारच थोडी टाकतो. घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्यात गरम पाणी जास्त वेळ टिकते आणि काजळी धरलेल्या भांड्यात लवकर निवते, ते याचमुळे. परावर्तकावर धूळ बसली की त्याचे काम बिघडते. म्हणून वर्षातून एकदा तरी तो पुसावा लागतो.

नळीच्या तापमानात एक मोठे मर्म आहे. योझेफ स्टेफान या शास्त्रज्ञाने १८७९ साली असे दाखवले, की तापलेली वस्तू जी झळ टाकते ती तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. निरपेक्ष तापमान म्हणजे सेल्सिअस अंशांत २७३ मिळवायचे. बर्नरजवळ नळी ४०० अंश तापली असेल आणि धुराड्याजवळ २०० अंश, तर कोणी म्हणेल, दुप्पट तापमान, दुप्पट झळ. तसे नाही. ६७३ आणि ४७३ यांचे चौथे घात काढून भागाकार करा. उत्तर चार येते. गरम टोकाचा एक मीटर तुकडा सव्वातीन किलोवॅटच्या आसपास झळ टाकतो आणि थंड टोकाचा तेवढाच तुकडा पाऊण-एक किलोवॅट. सरळ नळी टांगली तर एका टोकाखालचा कामगार भाजतो आणि दुसऱ्या टोकाखालचा कुडकुडतो. यावर तोडगा म्हणून नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वळवतात. गरम पाय आणि थंड पाय शेजारी शेजारी येतात आणि खाली सर्वांना सारखी ऊब मिळते. फार लांब सरळ नळ्या वापरायच्या असतील तर त्यांची गरम टोके आलटून पालटून उलट दिशांना ठेवतात.

तापले की लोखंड वाढते, हे रेल्वेच्या रुळांवरून आपण जाणतो. १२ मीटर लांब नळी सरासरी ३०० अंशांनी तापली तर ती चार सेंटिमीटरहून अधिक लांब होते. तिला छताला घट्ट जखडले तर काहीतरी तुटणारच. आणि तुटले ते गॅसचे जोड असले तर अनर्थ. म्हणून नळी साखळ्यांवर टांगतात, म्हणजे तिला हलायला वाव राहतो, आणि गॅसची शेवटची जोडणी लवचीक ठेवतात.

नळी किती उंच टांगावी? फार खाली आली तर डोके तापते आणि पाय गार राहतात. फार वर गेली तर झळ पसरून विरळ होते. साधारणपणे ४ ते ६ मीटर उंची सोयीची पडते. क्रेन, माल रचलेले फळे, विजेच्या तारा यांच्यापासून बनवणाऱ्याने सांगितलेले अंतर राखावे लागते. खोक्यांची थप्पी नळीजवळ पोचली तर ती हळूहळू करपते आणि एखाद्या रात्री पेट घेते. रंग, पातळ करणारी द्रव्ये, कापूस, पीठ यांची वाफ किंवा धूळ जिथे हवेत असते, अशा जागी ही नळी नकोच.

पुढे रचनाकार विचारतो, माणसे आहेत कुठे? एवढ्या मोठ्या शेडमध्ये बाराच माणसे एका कोपऱ्यात तपासणीच्या टेबलांशी बसत असतील, तर सारी शेड कशाला तापवायची? त्या कोपऱ्यावर दोन नळ्या पुरतात. पावणेतीनशे किलोवॅटचे काम चाळीसेक किलोवॅटमध्ये होते. अंगणात गावजेवण असले तर आपण सारे गाव उजळत नाही, पंगतीवर दिवे लावतो, तसेच हे.

आणि ऊब मोजायची कशाने? साधा थर्मामीटर हवेचे तापमान सांगतो, झळीचे फारसे सांगत नाही. यासाठी तांब्याचा पोकळ गोळा घेऊन त्याला बाहेरून काळा रंग देतात आणि मधोमध थर्मामीटर बसवतात. हा काळा गोळा हवेची आणि झळीची ऊब एकत्र करून दाखवतो. अंगाला जे जाणवते ते याच्या जवळचे असते. नळीचे स्वयंचलित बटण अशा गोळ्यावर चालवले तर गॅस वाया जात नाही.

येथवर गॅस आणि पैसा यांचा हिशेब झाला. आता जिवाचा हिशेब सांगतो, आणि तो नीट ध्यानात धरा. एक घनमीटर नैसर्गिक गॅस जळायला सुमारे दहा घनमीटर हवा लागते. नीट जळाला तर त्यातून एक घनमीटर कार्बन डाय-ऑक्साइड आणि दीड किलोहून अधिक पाणी, वाफेच्या रूपाने, बाहेर पडते. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्या रक्तातले जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. माणसाचे डोके दुखते, मळमळते, झोप येते. आणि ती झोप पुष्कळदा शेवटची ठरते. थंडीच्या रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशी बातमी दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येते. कोळसा निखारलेला दिसतो, धूर नसतो, म्हणून धोका नाही असे वाटते. घात तिथेच होतो.

नळीच्या रचनेत म्हणून धुराला फार मान आहे. धूर नळीबाहेर, शेडबाहेर गेलाच पाहिजे. चांगल्या रचनेत पंखा धुराड्याच्या टोकाला बसवतात. तो नळीतली हवा ओढतो, त्यामुळे नळीच्या आत दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतो. उद्या एखादा सांधा ढिला झाला तर शेडमधली हवा नळीत शिरते, नळीतला धूर शेडमध्ये येत नाही. सुरू करताना आधी पंखा फिरतो, नळीत साठलेला गॅस झाडून काढतो, मगच ठिणगी पडते. ज्योत विझली तर काही क्षणांत गॅसची झडप आपोआप बंद होते. यांपैकी एकही गोष्ट खर्च वाचवण्यासाठी गाळायची नसते.

गॅस कोणता आहे हेही पाहावे लागते. नळाने येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका. गळला तर वर छताकडे जातो, म्हणून त्याला वर वाट हवी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. तो जमिनीवर पाण्यासारखा पसरतो आणि खड्ड्यात, गटारात साचून राहतो. त्याला खाली, जमिनीलगत झरोका हवा. दोहोंना मुद्दाम घाण वास लावलेला असतो. तो वास आला की दिव्याचे बटणसुद्धा दाबू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा आणि बाहेर यावे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. भोसरी, चिंचवड, आकुर्डीपर्यंत कारखाने पसरले. कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी नाव असलेल्या चाकणला पुढे मोटारींचे कारखाने आले. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे २००९ साली सुरू झाला. २००६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड या कंपनीमार्फत पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकण भागात गॅस नळाने पोचला. गॅस आहे, शेड आहेत. मग उबेच्या नळ्या का दिसत नाहीत?

कारण आपली थंडी रात्रीची. पुण्याच्या वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, हे खरे. पण एरवी डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे दहाच्या आसपास असलेला पारा दुपारी अठ्ठावीस-तिसावर जातो. वर्षातल्या काही थोड्या पहाटांसाठी एवढा खर्च कोण करील?

तरी प्रारण नळी या पट्ट्याला परकी नाही. ती छताखाली नसते, भट्टीत असते. मोटारीचे गीअर आणि शाफ्ट वरून कठीण करायचे असतात. त्याला कामगार हीट ट्रीटमेंट म्हणतात. ९०० अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत ठरावीक वायू सोडून पोलादाच्या कातडीत कार्बन मुरवतात. ज्योतीचा धूर त्या वायूत मिसळला तर सारा माल फुकट जातो. म्हणून अशा गॅसच्या भट्टीत ज्योत निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या नळीत कोंडतात. नळी लाल होते, तिची झळ पोलादाला तापवते आणि धूर नळीतूनच बाहेर जातो. शेडमध्ये माणसाचा श्वास वाचवायचा असतो, भट्टीत पोलादाची कातडी. युक्ती तीच.

आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. उन्हाळ्यात ही सारी विद्या उलटी होऊन आपल्या डोक्यावर बसते. एप्रिलच्या दुपारी पत्रा ६० अंश तापतो, तेव्हा साऱ्या शेडवर १,८०० चौरस मीटरची एक प्रचंड प्रारण नळीच टांगलेली असते! गंजलेला किंवा रंगवलेला पत्रा दर चौरस मीटरमागे साडेसहाशे वॅटच्या आसपास झळ खाली टाकतो. आपले अंग उलट टाकते ते सुमारे पाचशे. फरक अंगात मुरतो. छपरावर वाऱ्याने फिरणारे गोल पंखे बसवले तर वरची गरम हवा निघून जाते, ते चांगलेच. पण झळ हवेतून येत नसल्यामुळे ती पंख्याने हटत नाही. 'पंखे लावले तरी उकडते' ही कामगाराची तक्रार त्यामुळे खोटी नसते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १३ ने भिंती आणि छपरे अशी बांधावीत की आतले तापमान शक्य तितके कमी राहील, असे सांगितले होते. ते शास्त्राला धरूनच होते.

उपाय छपरातच आहे. पत्र्याखाली पाच सेंटिमीटर काचलोकर किंवा तसला थर बसवला तर मघाच्या हिशेबातल्या सव्वाशे शेगड्या बारा-तेरावर येतात. हिवाळ्यात ऊब आत राहते आणि उन्हाळ्यात झळ बाहेर. ज्याने आधी छप्पर सुधारले त्याला नळ्या थोड्या लागतात किंवा लागतच नाहीत. शाळेचे छप्पर पत्र्याचे असेल तर वरून पांढऱ्या चुन्याचा हात द्यावा, खाली बांबूच्या तट्ट्यांचे छत करून मध्ये हवा खेळती ठेवावी. मुलांच्या डोक्यावरची झळ याने पुष्कळ तुटते.

ज्यांच्याकडे कोंबड्यांची शेड आहे त्यांनी तर हे प्रकरण आपलेच समजावे. एक दिवसाच्या पिलाला स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला ३२ ते ३५ अंश लागतात. मग दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी ऊब कमी करत न्यायची. सारी शेड तापवायची नसते. पत्र्याचे गोल कडे करून त्यावर गॅसचा ब्रूडर टांगायचा. हा ब्रूडर म्हणजे आपल्या नळीचा धाकटा भाऊ. त्याची झळ पिलांवर आणि तुसाच्या गादीवर पडते. तो बरोबर टांगला आहे की नाही हे पिलेच सांगतात. ती ब्रूडरखाली दाटीने गोळा झाली तर ऊब कमी. कड्याला चिकटून, चोच उघडी टाकून बसली तर जास्त. सगळी एकाच बाजूला गेली तर कुठून तरी वाऱ्याची झुळूक येते आहे. सगळीकडे सारखी पसरून चरत असली तर शांतपणे झोपायला जावे.

पण झोपायला जावे ते घरी, शेडमध्ये नव्हे. या ब्रूडरला धुराडे नसते. थंडी वाजेल म्हणून गोणपाटाचे पडदे चारी बाजूंनी गच्च बांधले तर जळालेल्या गॅसची वाफ तुसात उतरते, तूस ओले होते, अमोनियाचा वास सुटतो आणि हवा विषारी होत जाते. पिले मरतात आणि आपण म्हणतो रोग आला. पडदे वरच्या बाजूने वीतभर उघडे ठेवावेत. खालून वारा नको, वरून वाट हवी. ब्रूडरऐवजी कोळशाची शेगडी असेल तर धोका आणखी वाढतो. राखणदाराची खाट त्या शेडमध्ये कधीही टाकू नका.

शिक्षकबंधू-भगिनींनी एक सोपा प्रयोग वर्गात करावा. एकसारखे दोन पत्र्याचे डबे घ्या. एक बाहेरून काजळीने काळा करा, दुसरा घासून चकचकीत ठेवा. दोन्हींत सारखे गरम पाणी भरा, झाकणाला भोक पाडून थर्मामीटर घाला आणि दर पाच मिनिटांनी फळ्यावर आकडे लिहा. काळा डबा आधी निवेल. मग मुलांना विचारा, आपल्या वर्गाचे छप्पर यांतल्या कोणत्या डब्यासारखे असावे? वरची बाजू कशी, खालची कशी? मुले उत्तर स्वतः शोधतील.

उद्या तुमच्या गावात कोणी गोदाम, शाळा, मंगल कार्यालय किंवा पोल्ट्री बांधायला काढली तर चार प्रश्न आधी विचारा. छपरातून उष्णता किती येते-जाते? आत माणसे किंवा जनावरे नेमकी कुठे असणार? जळणासाठी हवा कुठून येणार? आणि धूर कुठे जाणार? या चारांची उत्तरे कागदावर उतरली, की नळी घ्यावी की शेगडी की काहीच नको, हे ठरवणे सोपे जाते. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर मात्र आत जाळ पेटवू नका. तोवर घोंगडी बरी.